अंधाराची वर्गणी

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी एखाद्या इमारतीचा जिना चढत गेलात, तर दारोदार ओणवलेल्या मुली आणि सुना दिसतात. रांगोळीचा डबा जवळच असतो, पण त्याला हात लागायला अवकाश असतो. आधी फरशीवर गेरूचा हात फिरतो, तो वाळतो, आणि मग त्या तांबूस जमिनीवर पहिला पांढरा ठिपका पडतो. पांढऱ्या फरशीवर पांढरी रांगोळी कोणी शहाणी बाई काढीत नाही. काढली तर ती दिसत नाही, आणि दिसावी म्हणून दुप्पट रांगोळी ओतली तरीही दिसत नाही.

गेरूमुळे रांगोळीला जे येते त्याला मराठीत ‘उठाव’ म्हणतात. मोठा गुणी शब्द आहे. बंडालाही उठाव म्हणतात, आणि भिवंडीच्या बाजारात ‘यंदा मालाला उठाव नाही’ असे व्यापारी कुरकुरतात तोही हाच. छायाचित्रकार आणि प्रोजेक्टरवाले त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. मी कॉलेजात मराठी शिकवतो; भिंगे आणि लेसर यांच्याशी माझा कधी संबंध आला नव्हता. तो आला गेल्या वर्षी शरद ऋतूत, आणि तो या उठावापायीच.

वसई रोडहून दिव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कामण रोड आणि भिवंडी रोड यांच्यामध्ये खारबाव नावाचे स्टेशन आहे. या मार्गावर प्रवासी गाड्या बेताच्याच, त्यामुळे ज्याला तिथे उतरायचे आहे तो माणूस घड्याळ बघत बघतच जातो. खारबाव हे माझे आजोळ. लहानपणी आम्ही तिथे जात असू तेव्हा भातखाचरे, खाडीवरचा वारा आणि रात्री डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा अंधार, ही तिथली संपत्ती होती. खाचरे आणि वारा अजून आहेत. अंधार मात्र गेला. भिवंडीच्या आसपास गोदामांची वस्ती उभी राहिली आणि प्रत्येक गोदामाच्या कपाळावर रात्रभर जळणारे दिवे आले.

तिथल्या तरुण पोरांनी एक चांगले काम काढले होते. घरोघर ट्रंकांच्या तळाशी आणि देव्हाऱ्यामागे पडलेले जुने फोटो त्यांनी गोळा केले, मोबाइलवर नीट उतरवून घेतले आणि कोजागिरीच्या रात्री देवळापुढच्या सभामंडपात ते सगळ्या गावाला मोठ्या पडद्यावर दाखवायचे ठरवले. त्यासाठी घरटी वर्गणी काढून एक लेसर प्रोजेक्टर विकत आणला. तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन लेसरांचा, चांगला नव्या जातीचा. खोक्यावर उठावाचा आकडा लाखांच्या घरातला छापलेला होता.

कोजागिरीच्या चार दिवस आधी रंगीत तालीम झाली. मी त्या दिवशी मामांकडे गेलेलो होतो, म्हणून मलाही ओढून नेले. चित्र मोठे होते, उजळ होते, आणि तरीही पाहावेसे वाटत नव्हते. जणू प्रत्येक फोटो ताकात बुडवून काढला होता. चेहरे दिसत, पण डोळ्यांच्या खोबणी, केसांतली पन्हाळ, काळ्या कोटाची घडी हे सारे एका राखी रंगात विरघळलेले. पुढच्या सतरंजीवर ऐंशी ओलांडलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्यांच्या यजमानांचा एकच फोटो घरात होता, पोस्टकार्डाहून लहान. घराच्या दारापुढे काळा कोट घालून उभे राहिलेले यजमान. ते गेले तेव्हा आजींचे वय पंचविशीचेही नव्हते. फोटो पडद्यावर आला तशा त्या पुढे सरकल्या, बराच वेळ पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, “दिसतंय रे बाबा, पण वळखू येत नाय.”

त्या वाक्याने मंडळाच्या पोरांची तोंडे उतरली. तिथल्या तिथे बैठक भरली. यंत्र कमी ताकदीचे आहे, ते परत विकावे, घरटी आणखी हजार रुपये काढावेत आणि दुप्पट प्रकाशाचे यंत्र आणावे, असा बहुतेकांचा कल पडला. पहिलीच वर्गणी देताना ज्यांचे हात जड झाले होते त्यांना ही दुसरी वर्गणी सोसणारी नव्हती, हे मामा जाणून होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. “तुझ्या कॉलेजात शास्त्राचा कोणी माणूस असेल की. आण त्याला.”

शास्त्राचे एक माणूस होते. पदार्थविज्ञान शिकवणारे माझे हे स्नेही छापील नावाला फार भितात, म्हणून त्यांना इथे नुसते शास्त्रीबुवा म्हणतो. दुसऱ्या संध्याकाळी ते खारबावला आले. येताना त्यांनी काय उपकरणे आणली असतील याची पोरांना उत्सुकता होती. बुवांच्या पिशवीत जुन्या वहीचा काळा पुठ्ठा, भिंग पुसायचे मऊ फडके आणि घरचे चकल्यांचे पुडके एवढाच ऐवज निघाला.

“मला एक संपूर्ण काळे चित्र दाखवा,” ते म्हणाले.

पोरांनी दाखवले. भिंतीवर मंद राखी रंगाचा एक आयत उजळला. “हा तुमचा काळा रंग,” बुवा म्हणाले. “प्रोजेक्टर पांढरा रंग फेकू शकतो, तांबडा फेकू शकतो. काळा रंग त्याला फेकता येत नाही. जगातल्या कोणत्याही यंत्राला येत नाही. जिथे काळे हवे तिथे प्रकाश पाठवायचा नाही, एवढेच त्याच्या हाती असते. मग त्या जागी आधीपासून जेवढा उजेड असेल तेवढा काळा तुम्हांला मिळतो.”

ही गोष्ट इतकी सोपी आहे की आपल्या ध्यानातच येत नाही. चित्रपटात नायिकेचे काळेभोर केस आपण पाहतो, ते केस म्हणजे वास्तविक पांढऱ्याच पडद्याचा एक तुकडा असतो. शेजारी तिचा चेहरा लखलखीत असतो, म्हणून डोळा त्या तुकड्याला काळा म्हणून मान्य करतो. शेजारचा उजेड आणि हा तुकडा यांतले अंतर पुरेसे असेल तोवर ही फसवणूक चालते. अंतर घटले की केस राखी होतात आणि नायिका अकाली म्हातारी दिसू लागते.

मग बुवांनी तो पुठ्ठा भिंगापुढे धरला. यंत्रातून येणारा सगळा प्रकाश अडला. पोरे भिंतीकडे पाहत होती. राखी रंग जेमतेम एक छटा उतरला, बाकी तसाच राहिला. “हे जे उरले ते यंत्राचे पाप नव्हे,” बुवा म्हणाले, “हे तुमच्या मंडपाचे आहे.” मंडपाबाहेर कोपऱ्यावर एक ट्यूबलाइट होती, समोर गोदामाचे दिवे होते, आणि दोन बाजूंच्या भिंतींना व छपराच्या पत्र्याला नवरात्रासाठी ताजा पांढरा रंग दिलेला होता.

त्यांनी खडूने फरशीवर हिशेब मांडला. हिशेब पोरांसाठी सोपा केलेला होता, पण वाचकांनी तो सोडू नये. समजा यंत्र पांढऱ्या जागी १०० भाग प्रकाश टाकते. काळ्या जागी त्याच्याकडून चुकून १ भाग जातो. बाहेरचा उजेड सगळीकडे सारखाच, ४ भाग. म्हणजे पडद्यावर पांढरे १०४, काळे ५. पांढरे काळ्याच्या २१ पटीच्या आत. आता दुप्पट ताकदीचे यंत्र आणा. पांढरे २०४. पण दुप्पट यंत्राची चूकही दुप्पट, म्हणून काळे ६. पट झाली ३४. आता जुनेच यंत्र ठेवा आणि बाहेरचा उजेड ४ वरून पाव भागावर आणा. पांढरे १०० च्या जरासे वर, काळे सव्वा. पट झाली ८०.

“हजार रुपये घरटी काढून ३४,” बुवा म्हणाले, “आणि दिवे घालवून ८०. बघा काय परवडते ते.”

आमच्या मंडळाच्या खजिनदाराचा चेहरा त्या क्षणी जेवढा उजळला तेवढा त्या प्रोजेक्टरने कधी भिंत उजळली नसेल.

एका पोराने मात्र नेमकी शंका काढली. तो तंत्रनिकेतनात शिकतो. म्हणाला, “सर, मंडपाचे चार भाग समजले. पण यंत्राचा जो एक भाग चुकून जातो, तो कुठून जातो? तो बंद करता येणार नाही का?” हा एक भाग बंद करण्यासाठी जगातले भिंगांचे कारागीर सव्वाशेहून अधिक वर्षे झटत आहेत. त्याच प्रश्नावर आम्ही रात्री मामांच्या ओटीवर चकल्या संपवल्या.

या जातीच्या अनेक प्रोजेक्टरांच्या पोटात नखाएवढी एक चकती असते आणि तिच्यावर सूक्ष्म आरशांची दाटी असते. १९८७ साली अमेरिकेत टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतल्या लॅरी हॉर्नबेक यांनी ही चकती सिद्ध केली. पुढे २०१५ साली चित्रपटसृष्टीने त्यांना तंत्रविभागाचे ऑस्कर देऊन गौरवले. चित्रातल्या प्रत्येक बिंदूला एक आरसा. १९२० आडवे आणि १०८० उभे बिंदू धरले तर आरसे होतात २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक आरसा बिजागरीवर दोन्हीकडे कलतो. पुष्कळ चकत्यांत हा कल १२ अंशांचा असतो. एकीकडे कलला की प्रकाश भिंगातून पडद्याकडे, दुसरीकडे कलला की आतल्या एका काळ्या कप्प्यात. राखी छटा हवी असेल तर आरसा सेकंदात हजारो वेळा इकडेतिकडे होतो आणि डोळा सरासरी काढतो. दाराशी बसून आलेल्या प्रत्येकाला ‘आत या’ किंवा ‘पुढे जा’ म्हणणाऱ्या घरगड्यासारखे हे आरसे आहेत.

पण घरगडी कितीही दक्ष असला तरी कुंपणाच्या फटीतून कोणी शिरतोच. आरशांच्या कडांवर आपटून, दोन आरशांमधल्या फटीतून खाली जाऊन परत वर येऊन थोडा प्रकाश वाट चुकतो आणि भिंगात घुसतो. काळ्या कप्प्याने जो प्रकाश गिळायचा त्यातलाही थोडा उसळून बाहेर येतो, म्हणून तो कप्पा आणि भिंगाची नळी आतून शक्य तितकी काळी करतात आणि तिला कंगोरे पाडतात. पूर्वी या कामाला दिव्याची काजळी वापरीत. आपल्या आज्या समईवर वाटी उपडी धरून जे काजळ पाडीत, त्याच जातीची काजळी दुर्बिणींच्या पोटात जाऊन बसली होती, हे ऐकून मला उगीचच बरे वाटले.

आणि मग भिंगे. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परत फेकतो. खिडकीच्या काचेत आपला चेहरा दिसतो तो याच चार टक्क्यांमुळे. प्रोजेक्टरच्या नळीत दहा भिंगे असली तर पृष्ठभाग वीस. हिशेब केला तर वीस पृष्ठभागांतून पार जाईतो निम्म्याहूनही कमी प्रकाश उरतो. गेलेला प्रकाश मुकाट्याने गेला असता तरी हरकत नव्हती. तो भिंगाभिंगांत आपटत राहतो आणि त्यातला काही शेवटी धुके होऊन पडद्यावर उतरतो. नेमका काळ्या जागी.

यावरचा उपाय सापडला त्याची कथा मोठी मौजेची आहे. इंग्लंडात यॉर्क गावी कुक आणि सन्स हे दुर्बिणी करणारे घराणे होते. त्यांच्याकडल्या डेनिस टेलर यांच्या १८९२ साली असे लक्षात आले की वापरून वापरून डाग पडलेली, कळा गेलेली जुनी भिंगे नव्या चकचकीत भिंगांपेक्षा जास्त प्रकाश पार जाऊ देतात. गिऱ्हाईक अशा भिंगांकडे नाक मुरडत असे, आणि गुण तर त्यांच्यातच होता. डागाचा तो पातळ थर परावर्तन मारीत होता. मग तसा थर मुद्दाम चढवण्याचे प्रयत्न झाले आणि १९३५ च्या सुमारास जर्मनीत झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर थर चढवण्याची रीत बसवली. आज चांगल्या भिंगाकडे तिरके पाहिले की जांभळी-हिरवी झाक दिसते ती याच लेपाची. परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आणले तर त्याच वीस पृष्ठभागांतून ९० टक्के प्रकाश पार होतो.

१८९२ हे साल ऐकताच मी बुवांना थांबवले. त्याच वर्षी, खारबावहून फार लांब नसलेल्या कल्याणात, महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपली ‘शांबरिक खरोलिका’ लोकांपुढे आणली होती. शंबर हा मायावी असुर, शांबरी म्हणजे माया. नावातच सगळे आले. हा जादूचा कंदील. काचेच्या पट्ट्यांवर हाताने चित्रे रंगवायची, दिव्याच्या झोतात धरायची, भिंगातून पडद्यावर मोठी करायची. सोबत निवेदन आणि गाणे. एकापाठोपाठ काचा बदलून हालचालीचा भासही ते निर्माण करीत. ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आला तो ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे चार वर्षांनी. पटवर्धनांच्या काही काचा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेल्या आहेत.

“त्यांच्याकडे लेसर नव्हता,” मी बुवांना म्हटले. त्या काळच्या जादूच्या कंदिलात तेलाचा दिवा असे, फार तर तापवलेल्या चुन्याचा. आजच्या मानाने तो उजेड काजव्याचा. तरी माणसे भान विसरून पाहत.

“का विसरणार नाहीत?” बुवा म्हणाले. “कल्याणला तेव्हा रात्र होत असे.”

शिवाय कंदीलवाल्यांना एक युक्ती माहीत होती. १७९८ च्या सुमारास पॅरिसमध्ये रॉबर्टसन नावाचा गृहस्थ भुताखेतांचे खेळ दाखवी. तो काचेवर भूत रंगवून भुताभोवतीची सारी काच दाट काळ्या रंगाने बुजवून टाकी. त्यामुळे पडद्यावर प्रकाशाची चौकट दिसत नसे. भूत अंधारात अधांतरी तरंगे आणि प्रेक्षकांना घाम फुटे. काळ्या जागी प्रकाशाला सोडायचेच नाही, हे काम तिथे काळा रंग करी. आज तेच काम वीस लाख आरसे करतात, आणि खरे सांगायचे तर त्या काळ्या रंगाइतके चोख करीत नाहीत.

लेसरने यात काय भर घातली? १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियात थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर पेटवला तेव्हा त्याचे गावजत्रेत काय काम, असे कोणालाही वाटले असते. दिव्याचा प्रकाश चहूकडे उधळतो. तो गोळा करून आरशांवर आणायचा तर रुंद सुळक्यासारखा आणावा लागतो, आणि रुंद सुळक्याच्या कडा नको तिथे घासतात. लेसरचा झोत बारीक आणि शिस्तीचा. सुळका अरुंद करता येतो, भिंगाचे दार लहान ठेवता येते, आणि दार लहान असले की वाट चुकलेल्या प्रकाशाला ते सापडत नाही. मात्र यंत्रावर ‘लेसर’ असे लिहिले की हा गुण आलाच असे कोणी समजू नये. पुष्कळ यंत्रांत फक्त निळा लेसर असतो आणि तो पिवळ्या फॉस्फरच्या चाकावर पाडून बाकीचे रंग मिळवतात. फॉस्फरवर पडलेला प्रकाश पुन्हा चहूकडे उधळतो आणि शिस्तीचा बराच फायदा वाया जातो. ज्यांना खर्चाची पर्वा नाही त्यांनी आणखी पुढची मजल मारली आहे. डॉल्बीने प्रकाशाला एकापाठोपाठ एक अशा दोन चाळण्यांतून नेले. पहिलीतून निसटलेला प्रकाश दुसरी अडवते. दहा लाखांस एक इतका उठाव आपण देतो असा त्यांचा दावा आहे. २०२५ साली पुण्यात खराडीला भारतातले पहिले डॉल्बी सिनेमा चित्रगृह उघडले.

मग आमच्या खोक्यावरच्या लाखांचे काय? तो आकडा अगदी खोटा नसतो, फक्त तो वेगळ्या प्रसंगाचा असतो. सगळा पडदा पांढरा करून मोजायचे, मग सगळा काळा करून मोजायचे. काळ्याच्या वेळी यंत्र लेसरच मंद करते किंवा विझवते. विझलेल्या यंत्राचा उठाव लाखांत काय, कोटींतही निघेल. एकाच चित्रात पांढरे आणि काळे शेजारी असताना काय होते हे पाहायचे तर बुद्धिबळाच्या पटासारखी सोळा घरे पडद्यावर टाकून मोजतात. हॉलिवुडच्या स्टुडिओंनी २००५ साली डिजिटल चित्रगृहांसाठी मानके ठरवली, त्यांत पहिल्या रीतीने उठाव २००० पट धरला आहे आणि शेजारशेजारच्या रीतीने १५० पट. चांगल्या चित्रगृहाची ही अवस्था. घेणाऱ्याने खोक्यावरचा मोठा आकडा वाचून हुरळून जाऊ नये. सोळा घरांचा आकडा विचारावा. दुकानदाराला तो बहुधा माहीत नसतो, पण विचारल्याने आपला दरारा वाढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मंडळ कामाला लागले. दोन पोरे भिवंडीला जाऊन काळे कापड घेऊन आली. यंत्रमागाच्या गावी कापडाला काय तोटा! फक्त एक चूक होता होता राहिली. पोरांनी सणासुदीचे म्हणून आधी चकचकीत साटिन निवडले होते. बुवांनी फोनवरूनच ते नाकारले. चकाकणारे काळे म्हणजे काळा आरसा. निस्तेज, जाडसर सुती कापड हवे. ते पडद्याच्या दोन्ही अंगांना भिंतींवर आणि वरच्या पत्र्याला टांगले, कारण पडद्यावरचा उजेड या पांढऱ्या पृष्ठभागांवर जाऊन परत येत होता. भिंतीऐवजी फिक्या राखी रंगाचा कापडी पडदा चौकटीत ताणला. राखी पडदा पांढऱ्याची थोडी झळाळी खातो हे खरे, पण बाजूने येणारा उपरा उजेडही तो तेवढ्याच प्रमाणात खातो, आणि लेसरपाशी झळाळी भरपूर शिल्लक असते.

बुवांनी यंत्राचे भिंग पाहिले. त्यावर ट्रकांच्या रस्त्याची धूळ होती आणि एका बोटाचा स्पष्ट ठसा होता. ठसा कोणाचा हे मंडळाने शोधून काढले नाही, ते बरे झाले. यंत्र जमिनीवर ठेवून ते वर तोंड करून चित्र टाकीत असत आणि वाकडे झालेले चित्र बटण दाबून सरळ करीत. त्या सरळ करण्यात कडेचे आरसे निकामी होतात, चित्र बारीक होते आणि भोवती राखी चौकट उरते. यंत्र स्टुलावर पडद्यासमोर नीट मांडल्यावर ती चौकट गेली. शेवटी यंत्राच्या यादीतला सर्वांत उजळ प्रकार काढून चित्रपटाचा प्रकार लावला. चित्र जरा मंद झाले, पण चेहऱ्यांवरची हिरवी झाक जाऊन माणसांना माणसाचा रंग आला. आणि एक ताकीद बुवांनी सर्वांना दिली: चालू यंत्राच्या भिंगात पोरांना डोकावू देऊ नका, हा लेसर आहे.

कोपऱ्यावरची ट्यूबलाइट दोन तासांपुरती बंद ठेवायला ग्रामस्थ तयार झाले. गोदामाचा दिवा हे जड काम होते. रखवालदार बिचारा म्हणाला, “दिवा मालवला तर कॅमेऱ्यात काळोख येतो, साहेब मलाच विचारतील.” अंधाराला आता वरून परवानगी लागते! अखेर त्या अंगाला ताडपत्रीचा आडोसा बांधला. “कोजागिरीला तर चंद्रच असतो, त्याचे काय करता?” असे मामांनी खवचटपणे विचारले. बुवांनी त्याचाही हिशेब दिला. पौर्णिमेचे चांदणे जास्तीत जास्त पाव लक्सच्या आसपास. रस्त्यावरच्या दिव्याखाली दहा-वीस लक्स सहज असतात. चंद्राला येऊ द्या.

कोजागिरीला खेळ सुरू होण्याआधी वीस मिनिटे सगळे दिवे मालवले. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला एवढा वेळ लागतो. बाया आधी कुजबुजल्या, मग गप्प बसल्या. फोटो एकेक येऊ लागले. प्रत्येक फोटोला कोणी ना कोणी नाव घेत होते, आणि दुसरे कोणी ते दुरुस्त करीत होते.

आजींच्या यजमानांचा फोटो आला. काळ्या कोटाची घडी दिसत होती, वरच्या खिशाला अडकवलेली साखळी दिसत होती. आजींनी यजमानांना तर ओळखलेच, पण त्या पाहत होत्या त्यांच्या मागे. मागचे दार उघडे होते आणि दारातला अंधार परवापर्यंत नुसता राखी ठिपका होता. आता त्या अंधारात, डोईवर पदर घेतलेली एक बाई चौकटीला हात लावून उभी असलेली दिसत होती. इवल्याशा फोटोत ती कोणाच्या कधी नजरेस आली नव्हती.

“ह्या आमच्या सासूबाई,” आजी म्हणाल्या. “दम्यानं बसलेल्या असायच्या नेहमी. ह्या उठल्या कधी?”

मंडळाच्या पोरांनी तो फोटो बराच वेळ तसाच ठेवला.

एक दोष मात्र त्या रात्रीही उरला होता, आणि तो बुवांनीच दाखवला. फोटोतल्या आभाळाच्या पांढऱ्या जागी बारीक दाणे चमचमताना दिसत. हा तीन लेसरांच्या यंत्राचा जन्मजात दोष आहे. लेसरच्या लहरी एकमेकींशी इतक्या जुळलेल्या असतात की खरखरीत पडद्यावरून परतताना कुठे त्यांची बेरीज होते, कुठे वजाबाकी, आणि त्या बेरीज-वजाबाकीचे दाणे डोळ्याला दिसतात. यंत्र करणारे त्यासाठी आत फिरती धुरकट काच बसवतात, किंचित वेगळ्या तरंगलांबीचे अनेक लेसर एकत्र वापरतात. काही ठिकाणी तर पडदाच हलकेच थरथरत ठेवतात. दाणे जागा बदलत राहिले की डोळा त्यांची सरासरी काढतो आणि ते नाहीसे होतात. बुवा हे समजावीत असतानाच खाडीकडून वाऱ्याची झुळूक आली, कापडी पडदा शहारला, आणि आभाळातले दाणे पुसल्यासारखे गेले. झुळूक थांबली, दाणे परत आले.

त्यावरून मंडळात आता दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, पडद्याच्या दोऱ्या आवळून बांधाव्यात, नाहीतर अक्षरे हलतात. दुसरा म्हणतो, खालच्या दोन दोऱ्या सैलच ठेवाव्यात. यंदाच्या खेळाला फोटोंबरोबर गावातल्या लग्नाची एक जुनी फिल्मही दाखवायची आहे, तेव्हा हा वाद लवकर मिटावा म्हणून मामांनी बुवांना पुन्हा बोलावले आहे. चकल्या आणू नका, इकडे तळल्या आहेत, असाही निरोप आहे.